डब्ल्यूगेटआरसी की कर्लआरसी: डाउनलोडच्या कायमच्या सेटिंग्ज कुठे ठेवायच्या?

दर वेळी तेच चार-पाच पर्याय टाइप करायचा कंटाळा आला की डिफॉल्ट सेटिंग्जच्या फाइलची आठवण होते. डब्ल्यूगेट आणि कर्ल ही टर्मिनलवर कमांड देऊन फाइल उतरवायची दोन्ही टूल्स तुमच्याकडे असतील असं धरून चालतो. डब्ल्यूगेटआरसी आणि कर्लआरसी या त्यांच्या सेटिंग्जच्या फाइली. प्रश्न एवढाच की फाइल डाउनलोड करण्याच्या सवयी कुणाच्या फाइलमध्ये लिहायच्या. माझा कल डब्ल्यूगेटकडे आहे. कर्ल त्याहून ताकदवान आहे हे मान्य करूनही. (सेटिंग्जची नावं इथे देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत जातात.)

आधी फाइल कुठे असते ते. डब्ल्यूगेट आधी सगळ्या मशीनसाठीची फाइल वाचतो, ती बहुतेक लिनक्सवर ‘ईटीसी’मध्ये असते. मग होम डिरेक्टरीतली डॉट-डब्ल्यूगेटआरसी वाचतो, आणि दोन्हींत फरक असेल तर होममधलं खरं धरतो. दहा जणांच्या सर्व्हरवर प्रॉक्सी (नेटकडे जाण्याचा मधला सर्व्हर) एकदाच लिहून मोकळं होता येतं. कर्लला अशी सामाईक फाइल नाही. तो कर्ल-होम, मग एक्सडीजी-कॉन्फिग-होम, मग होम (सिस्टिममध्ये ठरवलेले फोल्डरांचे पाथ) अशा क्रमाने शोधत जातो आणि जी पहिली सापडेल तेवढीच वाचतो. दोन ठिकाणी दोन फाइली ठेवून दोन्ही लागू होतील या आशेवर राहू नका.

लिहिण्याच्या पद्धतीत एक बारीक सापळा आहे. कर्लच्या फाइलमध्ये सेटिंगच्या व्हॅल्यूत स्पेस असेल तर ती दुहेरी अवतरणात लिहावीच लागते. नाहीतर पहिला शब्द घेतला जातो आणि बाकीचा गळतो. डब्ल्यूगेटचं नेमकं उलटं. तिथे बरोबरच्या चिन्हापुढचं सगळं जसंच्या तसं घेतलं जातं, त्यामुळे युजर-एजंटला (टूल सर्व्हरला स्वतःचं जे नाव सांगतं त्याला) अवतरणचिन्हं लावलीत तर ती सर्व्हरकडेही तशीच जातात. एकीकडची ओळ उचलून दुसरीकडे चिकटवणाऱ्यांचं इथेच फसतं. नावांच्या बाबतीत मात्र डब्ल्यूगेट फार उदार आहे. लहान-मोठी अक्षरं, हायफन, अंडरस्कोअर यांचं त्याला काही सोयरसुतक नसतं. पण नावच चुकलं तर तो ओळ क्रमांक सांगून एक्झिट कोड (संपताना दिलेला निकालाचा आकडा, ० म्हणजे सगळं ठीक) २ देऊन थांबतो. मला हे आवडतं.

डब्ल्यूगेटच्या फाइलमध्ये माझ्या मते एवढंच पुरतं: ट्राइज = ५ (एकूण प्रयत्न), टाइमआउट = ३० (सेकंद), वेट-रिट्राय = १० (प्रयत्नांमध्ये जास्तीत जास्त इतके सेकंद थांब), रिट्राय-कनरिफ्यूज्ड = ऑन (सर्व्हरने जोडणी नाकारली तरी पुन्हा प्रयत्न कर). यातली टाइमआउटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. मूळ रीड-टाइमआउट ९०० सेकंदांचा आहे आणि मूळ प्रयत्न २०. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कनेक्शन न सांगता मरतं तेव्हा डब्ल्यूगेट पंधरा मिनिटं ढिम्म बसून राहतो, आणि मग पुढचा प्रयत्न. टाइमआउट = ३० लिहिलं की डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणं), जोडणी आणि वाचन या तिन्हींना तीच मर्यादा लागते. ही मर्यादा शांततेची आहे, एकूण वेळेची नाही. म्हणजे ४ जीबीची आयएसओ (डिस्कची प्रत असलेली फाइल) तीन तास उतरत राहिली तरी तिला धक्का लागत नाही. ४०४ (फाइल सापडली नाही) आला तर प्रयत्न कितीही लिहा, डब्ल्यूगेट परत विचारत नाही, आणि तेच बरोबर आहे.

कंटिन्यू = ऑन मात्र कायमचं लिहू नका. ही ओळ उपयोगी दिसते, पण घात करते. समजा, ‘लेटेस्ट’ नावाची १०० एमबीची फाइल काल उतरवली आणि आज त्याच नावाखाली १०४ एमबीची नवी आवृत्ती आली. डब्ल्यूगेट डिस्कवरच्या १०० एमबीला अर्धवट डाउनलोड समजतो, सर्व्हरकडून फक्त शेवटचे ४ एमबी मागतो आणि जुन्याच्या शेपटीला जोडतो. फाइलचा आकार बरोबर, आतला माल खराब. चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण) ताडून पाहिला तरच कळतं. अर्धवट फाइल पुढे न्यायची असेल तेव्हा ‘हायफन सी’ हातानेच द्यावा.

कर्लकडून हेच काम करून घ्यायला जास्त ओळी लागतात. ‘लोकेशन’ ही सेटिंग नसेल तर तो रीडायरेक्टच्या (सर्व्हरने दाखवलेल्या दुसऱ्या पत्त्याच्या) मागे जात नाही, आणि हाती पन्नास-शंभर बाइट्सचं काहीतरी येतं. ‘फेल’ नसेल तर ४०४ चं पान झिप म्हणून सेव्ह होतं, एक्झिट कोड ० येतो आणि तक्रार करतो तो बिचारा अनझिप. रिट्राय मूळचा शून्य. तो वाढवलात तर प्रयत्नांमधलं अंतर १, २, ४ सेकंद असं दुप्पट होत जातं, जास्तीत जास्त १० मिनिटांपर्यंत. कनेक्ट-टाइमआउट मूळचा ३०० सेकंद, तो १५ करावा.

एक गोष्ट मात्र कर्लकडेच आहे आणि डब्ल्यूगेटकडे तिची उणीव जाणवते: स्पीड-लिमिट आणि स्पीड-टाइम. १००० आणि ३० लिहा, म्हणजे सलग ३० सेकंद वेग सेकंदाला १००० बाइट्सच्या खाली राहिला की कर्ल कोड २८ देऊन सोडून देतो. डब्ल्यूगेट मात्र थेंब थेंब येणाऱ्या कनेक्शनला चिकटून बसतो, कारण दर थेंबाला त्याचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.

इथपर्यंत कर्लचं पारडं हलकं नाही. घोडं अडतं ते पुढे. कर्ल मुळात मजकूर पडद्यावर ओततो, फाइलमध्ये ठेवत नाही. त्याला डाउनलोडर बनवायचं तर कर्लआरसीमध्ये रिमोट-नेम-ऑल (पत्त्यातल्याच नावाने फाइल सेव्ह कर) लिहावं लागतं. ते लिहिलं की टर्मिनलवर सगळं छान चालतं. पण ही फाइल तुमच्या नावाने चालणारा प्रत्येक कर्ल वाचतो, दुसऱ्याच्या स्क्रिप्टमधलासुद्धा. ‘कर्ल अमुक पत्ता, पाइप, एसएच’ या धाटणीचा इन्स्टॉलर घ्या, म्हणजे कर्लने आणलेली स्क्रिप्ट पाइपमधून थेट शेलला चालवायला देणारा. स्क्रिप्ट चालू डिरेक्टरीत फाइल म्हणून जाऊन बसते, पाइपमधून काहीच येत नाही, शेल रिकामा मजकूर चालवून ० कोड देतो. एरर नाही, इन्स्टॉलही नाही. एपीआयचं (प्रोग्रॅमशी बोलणाऱ्या वेब-सेवेचं) उत्तर व्हेरिएबलमध्ये घेणाऱ्या स्क्रिप्टचंही तेच: व्हेरिएबल रिकामं. आउटपुट-डिर (फाइली ठेवायचा फोल्डर) लिहिलात तर ज्यांनी स्वतः ‘हायफन स्मॉल ओ’ देऊन फाइलचं नाव ठरवलंय त्यांच्या फाइलीही तुमच्या फोल्डरात वळतात. फेलसुद्धा निरुपद्रवी नाही, कारण एपीआयने पाठवलेला एररचा मजकूर तो गिळतो.

‘हायफन क्यू’ने ही फाइल टाळता येते, पण तो कर्लचा अगदी पहिलाच पर्याय असावा लागतो, आणि दुसऱ्याने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये तो घालणार कोण? होमब्रू (सॉफ्टवेअर बसवून देणारं टूल) स्वतःच्या कर्लला हा पर्याय आपण होऊन देतो, तुमची कर्लआरसी त्याला हवी असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागतं. यावरून काय ते समजावं.

डब्ल्यूगेट यातून पूर्ण सुटतो असं नाही. डिर-प्रीफिक्स (त्याच्याकडचा फाइली ठेवायचा फोल्डर) लिहिलंत तर ‘डब्ल्यूगेट करून लगेच टार उघड’ अशी स्क्रिप्ट अडखळेल, कारण फाइल भलत्या फोल्डरात गेलेली असते. मात्र ‘हायफन कॅपिटल ओ’ने नाव दिलं असेल तर डिर-प्रीफिक्स त्याला हात लावत नाही, आणि बऱ्याच स्क्रिप्ट तसंच करतात. वर सुचवलेल्या चार ओळी तर फाइल कुठे जाईल याला शिवतच नाहीत. म्हणून त्या निर्धास्त ठेवता येतात.

मॅकवर डब्ल्यूगेट आयता मिळत नाही. तिथे कर्लच वापरायचा असेल तर कर्लआरसीमध्ये फक्त कनेक्ट-टाइमआउट ठेवा, बाकीच्या ओळी दुसऱ्या नावाच्या फाइलमध्ये लिहा आणि ‘हायफन कॅपिटल के’ने ती वाचणारा एलियस (कमांडचं टोपणनाव) करा. एलियस स्क्रिप्टमध्ये शिरत नाही, त्यामुळे वरचा सगळा घोळ टळतो. विंडोजच्या पॉवरशेल ५.१ मध्ये नुसतं ‘कर्ल’ लिहिलंत तर ते टूल भलतंच असतं. ‘कर्ल डॉट ईएक्सई’ लिहा, नाहीतर फाइल का वाचली जात नाही याचा शोध घेत बसाल.

मोठ्याच फाइली उतरवायच्या असतील तर आरिया-टू हे आणखी एक डाउनलोडचं टूलही बघा. त्याच्या भरवशावर सहसा कुणाची स्क्रिप्ट नसते, म्हणून त्याची फाइल बिनधास्त बदलता येते. फक्त स्प्लिट (फाइल किती तुकड्यांत आणायची तो आकडा) मूळचा ५ असला तरी एका सर्व्हरला जोडण्या १ च असतात, तेव्हा दोन्ही आकडे वाढवावे लागतात. शिवाय मिन-स्प्लिट-साइज (तुकड्याचा किमान आकार) २० एमबी असल्याने ४० एमबीपेक्षा लहान फाइल एकाच जोडणीतून येते.

माझ्या आवडत्याविरुद्धही एक सांगायला हवं. फेडोरा लिनक्सच्या आवृत्ती ४० पासून डब्ल्यूगेट या नावामागे डब्ल्यूगेट-२ आहे. त्याला एफटीपी (फाइली देण्याघेण्याची जुनी पद्धत) येत नाही आणि त्याची सेटिंग्जची फाइलही वेगळी, डब्ल्यूगेट२आरसी. जुन्या डब्ल्यूगेटला ‘व्हर्जन’ विचारलंत तर तो आवृत्तीखाली कोणत्या आरसी फाइली वाचतो त्यांचे पाथही छापतो. ओळी लिहिण्याआधी ते एकदा बघून घ्या.