चुना-सुरखीचे कुंड आणि त्यातले सिमेंट

बागेत जुन्या पद्धतीचे, सिमेंटचा कणही न वापरता बांधलेले दगडी कुंड करून देतो, असे सांगून एका कंत्राटदाराने बेसा भागातील आमच्या घरी जे काम केले, त्याची हकिकत येथे लिहीत आहे. तो अजूनही नागपुरात अशीच कामे घेतो, म्हणून त्याच्या युक्त्या इतरांना आधीच ठाऊक असाव्यात.

ठरलेले कुंड 12 फूट लांब, 8 फूट रुंद आणि 3 फूट खोल होते. तळाची काळी माती काढून मुरूम भरून धुम्मस करणे (ठोकून दाबणे), घडीव काळ्या दगडाच्या पायऱ्या बसवणे आणि आतून चुना-सुरखीचा, म्हणजे चुना आणि विटेच्या भुकटीचा, गिलावा करणे, हे सर्व त्याने लेटरहेडवर लिहून दिले होते. रामटेकच्या अंबाळा तलावाच्या घाटांची छायाचित्रे दाखवून, तेथील डागडुजी आपल्याच कारागिरांनी केल्याचेही त्याने सांगितले. त्याचा पुरावा मात्र अखेरपर्यंत मिळाला नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरचे बांधकाम तडकते, हा मुद्दा त्याने स्वतःहून काढला. माहिती अगदी खरी होती, आणि विश्वास बसला तो तिच्यामुळेच. पुढे याच कामाचे पैसे त्याने ते न करता लावले.

बिलात मुरूम 5 ब्रास दाखवला होता. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. कुंडाच्या बाहेर सगळीकडून एक फूट जास्त धरून 14 बाय 10 फुटांच्या तळावर 9 इंचांचा थर टाकला, तरी 105 घनफूट होतात. धुम्मस केल्यावर मुरूम दबतो हे गृहीत धरले, तरी दीड ब्रासच्या वर हिशेब जात नाही. नंतर एका अभियंत्याच्या सांगण्यावरून बाहेरच्या बाजूने एक कोपरा खणला, तेव्हा तळाखाली फरशीचे तुकडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या मिसळलेला सैल मलबा निघाला, आणि त्याखाली काळी माती जशीच्या तशी होती. घडीव दगडाच्या म्हणवल्या जाणाऱ्या पायऱ्याही आतून विटांच्या होत्या. वर फक्त पातळ दगडी फरशी चिकटवलेली होती.

गिलाव्याची फसवणूक जास्त कल्पक होती. जुन्या पद्धतीत चुन्यात मिसळतात म्हणून अंगणात एका ड्रममध्ये गूळ, बेलफळाचा गर आणि हिरडा भिजत घातलेला असे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो ड्रम कौतुकाने दाखवला जाई, आणि त्याचा वास फाटकापर्यंत येत असे. मात्र काम संपत आले तरी ड्रममधले पाणी कमी झालेले दिसेना. शेवटी मजुरांनी ते कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतून दिले. ते वापरणे शक्यच नव्हते, कारण गुळातील साखरेमुळे सिमेंट घट्ट होण्यास विलंब लागतो आणि प्रमाण वाढले तर ते नीट जमतच नाही. गिलावा सिमेंटचाच होता, त्यात तांबडा ऑक्साईड रंग मिसळला होता. अस्सल सुरखीत विटेच्या भुकटीचे लहानमोठे कण डोळ्यांना दिसतात; येथे रंग सर्वत्र एकसारखा होता आणि ओले बोट फिरवताच लाल होत असे. चुन्याचा गिलावा कित्येक दिवस नखाने ओरखडता येतो, हा मात्र दुसऱ्याच दिवशी दगडासारखा कडक झाला होता.

उन्हाळा लागताच पाणी उतरू लागले. तक्रार केली तेव्हा, "नागपूरचं ऊन आहे साहेब, पाणी उडणारच," एवढेच उत्तर मिळाले. हे तपासण्यासाठी सरळ काठाची एक बादली भरून कुंडाशेजारी उन्हात ठेवली आणि दोन्हीकडे पातळीची खूण केली. येथील मे महिन्यात बाष्पीभवनाने पाणी दिवसाला साधारण एक सेंटिमीटर उतरते. बादलीत तेवढेच उतरले, कुंडात त्याच्या कितीतरी पट. त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले.

असे काम देणाऱ्यांनी मुरुमाची ट्रॉली रिकामी होण्याआधी टेपने मोजावी, तळ झाकण्याआधी छायाचित्रे घ्यावीत आणि शेवटचा हप्ता एक उन्हाळा जाईपर्यंत राखून ठेवावा, असे करारातच लिहून घ्यावे. या अटीला कंत्राटदार नाराज झाला, तर ती नाराजी काम सुरू होण्यापूर्वी कळलेली बरी.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि कामासाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर प्राथमिक मार्गदर्शन मिळते. लेटरहेड, यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण जपून ठेवावे. गळके कुंड लगेच फोडून दुसऱ्याकडून बांधून घेण्याची घाई होते, पण त्याआधी अभियंत्याचा लेखी अहवाल घ्यावा. आमच्या कुंडाचा खणलेला कोपरा म्हणूनच अजून तसाच उघडा ठेवला आहे.