क्लॅरिनेटचे तीन फिंगरिंग चार्ट: आठ महिने वापरल्यावर

गेल्या आठ महिन्यांत तीन फिंगरिंग चार्ट (कुठल्या सुराला कुठली बोटं ठेवायची ते दाखवणारे तक्ते) वापरून रियाज केला, म्हणून म्हटलं सविस्तर लिहावं. माझा क्लॅरिनेट बी फ्लॅटचा (फ्लॅट म्हणजे अर्धा सूर खाली, शार्प म्हणजे अर्धा वर), बोहम सिस्टिमचा म्हणजे बोहम पद्धतीच्या कीरचनेचा, 17 की (बोटाने दाबायच्या पट्ट्या) आणि भोकांभोवती 6 रिंगवाला. हे आधी सांगतेय कारण सुरुवातीला मी एक जर्मन चार्ट प्रिंट करून आणला आणि आठवडाभर बोटं जुळेचनात, तो ओलर सिस्टिमचा, म्हणजे वेगळ्या कीरचनेचा होता, शिवाय जर्मनमध्ये बी म्हणजे आपला बी फ्लॅट आणि बी नॅचरलला एच म्हणतात. तेव्हा चार्टवर सिस्टिम कुठली लिहिलीय ते आधी बघा.

पहिला चार्ट शिकायच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचा. काळे-पांढरे गोल, प्रत्येक सुराला एकच फिंगरिंग. पहिले दोन महिने हाच पुरला आणि त्यातली एक गोष्ट मला अजून फार आवडते, एकाच चित्राखाली दोन सूर दिलेत. क्लॅरिनेट बासरीसारखा सप्तकाने उडी मारत नाही, बाराव्या सुरावर जातो, म्हणजे खालच्या ईची बोटं तशीच ठेवून रजिस्टर की (मागची, डाव्या अंगठ्याने दाबायची) दाबली की वरचा बी येतो, एफवरून सी. 14 चित्रांत 28 सूर पाठ होतात! बाकी दोन्ही चार्टमध्ये हे सुटं सुटं दिलंय त्यामुळे नातंच कळत नाही.

पण हा चार्ट अडला करंगळीवर. वरचा सी त्यात फक्त उजव्या करंगळीने दाखवलाय. आता सीवरून ई फ्लॅटला जायचं तर ई फ्लॅटची की साध्या क्लॅरिनेटवर उजवीकडेच असते, मग करंगळी घसरवत न्यावी लागते आणि मध्ये भलताच सूर वाजतो. महिनाभर मला वाटत होतं माझी बोटंच मंद आहेत. सी डाव्या करंगळीने घ्यायचा, बस, एवढंच होतं ते.

हे मला दुसऱ्या चार्टने शिकवलं. तो मोठा तक्ता आहे, एकेका सुराला चार-पाच पर्याय, आणि शेजारी छोटी टीप की कुठे वापरायचा. एफवर फक्त अंगठा असतो, एफ शार्पला अंगठा उचलून तर्जनी ठेवायची, ही अदलाबदल वेगात हमखास फसते, तिथे अंगठा तसाच ठेवून उजव्या हाताच्या बाजूच्या साइड कींपैकी खालच्या दोन उघडायच्या, कसला सुटसुटीत जातो क्रोमॅटिक (अर्ध्या-अर्ध्या सुरांनी चढणारा क्रम)! मधल्या बी फ्लॅटचंही तसंच. ए की अधिक रजिस्टर की हे नेहमीचं फिंगरिंग दबलेलं वाजतं, कारण रजिस्टर कीचं एकच भोक दोन कामं करतं, रजिस्टर बदलायचं आणि हा सूर द्यायचं. रजिस्टर कीऐवजी वरून दुसरी साइड की घेतली की सूर मोकळा येतो, फक्त घाईच्या जागी जमत नाही, लांबलेल्या सुराला घ्या.

या तक्त्याचा तोटा म्हणजे नवशिक्याला तो घाबरवतो. आणि सगळ्यात वरच्या सुरांना, म्हणजे वरच्या सी शार्पपासून पुढे, टिपा जवळजवळ नाहीतच, नुसते पर्याय. तिथे कुठलाच चार्ट शेवटचा शब्द नाही असं माझं मत झालंय, माझ्या क्लॅरिनेटवर वरच्या डीला ई फ्लॅटची की दाबली नाही तर सूर खाली राहतो. ट्यूनर (सूर वर-खाली आहे का ते दाखवणारं यंत्र) लावून एकेक पर्याय वाजवला आणि जो जुळला त्यावर पेन्सिलने खूण केली.

तिसरा मोबाइल ॲपमधला. सुरावर बोट ठेवलं की चित्र दिसतं, आवाजही ऐकू येतो. दिसायला छान, पण एका वेळी एकच सूर दिसतो आणि मला तर दोन सुरांमधला प्रवास बघायचा असतो. दोन आठवड्यांत उघडणं बंद केलं.

सध्या स्टँडवर दुसरा तक्ता आहे, त्यावर पहिल्यातल्या सुरांच्या जोड्या मी लाल पेनने स्वतः लिहून घेतल्यात.