प्रिन्स्टन चार्टर स्कूल: शाळा चांगली, पण पट बघा

सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर माझी हयात गेली, त्यामुळे कुठल्याही शाळेत मी आधी पट बघतो आणि मग इमारत. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या प्रिन्स्टन गावच्या या शाळेबद्दल लेकीने "बाबा, मनूसाठी इथे अर्ज करू का?" असं विचारलं, तेव्हाही तेच केलं.

ज्यांना चार्टर म्हणजे खाजगी वाटतं त्यांच्यासाठी: फी एक पैसाही नाही. पैसा सरकारी, कारभार शाळेच्या स्वतःच्या विश्वस्त मंडळाचा. परवाना राज्य देतं, सुरुवातीला चार वर्षांचा. पुढे काम बघून नूतनीकरण. आपल्या अनुदानित शाळेची चुलत बहीण म्हणा, फक्त संस्थाचालकाला डोनेशन मागायची सोय नाही! ही शाळा पालकांच्या पुढाकाराने १९९७ साली सुरू झाली. बालवर्ग ते आठवी, अभ्यासाला कडक. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता पट. गोऱ्या आणि आशियाई घरांतली मुलं भरपूर, त्यात आपली मंडळीही आलीच. पण याच गावात ग्वाटेमाला-मेक्सिकोकडून आलेली, हॉटेलांत नि बागांत राबणारी कुटुंबंही राहतात. त्यांची मुलं गावच्या इतर सरकारी शाळांच्या मानाने इथे फारच कमी दिसायची. प्रवेश तर सोडतीने, मग असं का? सोडतीत चिठ्ठी पडायला आधी अर्ज भरावा लागतो, आणि अर्ज भरतो तो ज्याला शाळा ठाऊक आहे तो. त्यात धाकट्या भावंडांना प्राधान्य. पटनोंदणीला आम्ही ऊसतोडीच्या कोप्यांवर जायचो ते याचसाठी.

२०१६-१७ मध्ये शाळेने जागा वाढवायला मागितल्या तेव्हा गावात मोठी भांडणं झाली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. कारण मुलामागचा बराचसा पैसा गावच्या शाळांच्या अंदाजपत्रकातून इकडे वळतो. राज्याने ७६ जागा मंजूर केल्या, ३४८ चे ४२४ झाले. त्याच प्रस्तावात शाळेने सोडतीत गरीब घरच्या मुलांचं वजन वाढवायचं ठरवलं. हे मला मनापासून आवडलं. आपल्याकडे आरटीईत २५ टक्के जागा वेगळ्या काढतात आणि खाजगी शाळा प्रतिपूर्तीच्या नावाने ओरडत बसतात. इथे वेगळी रांग नाही. सगळे एकाच सोडतीत, फक्त ज्याच्याकडे कमी त्याची संधी थोडी जास्त. तरी वजन दिलं म्हणून अर्ज आपोआप येत नाहीत. त्यासाठी कुणीतरी दारोदार फिरायलाच हवं. माझा एक गुण तिथे कापला. पाचात चार.

आपल्या लोकांना एक सूचना. शेजारच्या प्लेन्सबोरो, वेस्ट विंडसर गावांतल्या बऱ्याच घरांच्या पत्त्यावर पोस्टाच्या सोयीने 'प्रिन्स्टन' लिहिलेलं असतं. तेवढ्याने तुम्ही प्रिन्स्टनचे रहिवासी होत नाही, आणि इथे प्राधान्य रहिवाशांना आहे. कर कुठल्या गावाला भरता ते बघा, मगच अर्ज भरा.

लेकीला म्हटलं, भर अर्ज. नंबर नाही लागला तर गावच्याच कम्युनिटी पार्क या सरकारी शाळेत स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हींतून शिकवतात, आणि तिचा पट मला जास्त आवडला.