उरलेल्या पावाच्या नाश्त्यासाठी काचेची बेकिंग डिश : आठ महिने वापरल्यावर

रविवारी आमच्याकडे पावभाजी ठरलेली. लालबागला आमच्या गल्लीतल्या बेकरीतून मी दोन लाद्या आणते आणि पाच-सहा पाव उरतातच. त्यांचा मी बुधवारी सकाळी अंडं-दुधात भिजवून भाजलेला नाश्ता करते. सोमवारी सासूबाईंचा उपास, त्या दिवशी घरात अंडं फुटत नाही. म्हणून पाव मंगळवार रात्रीपर्यंत राहतात, आणि ते पथ्यावरच पडतं. सुकलेला पाव अंडं-दूध छान शोषून घेतो. ताजा पाव किंवा पाकिटातला स्लाइस ब्रेड घेतला तर लगदा होतो. कडक कवचाचा ब्रून पाव उरला असेल तर सोन्याहून पिवळं.

हा नाश्ता अमेरिकेतला, तिथे त्याला स्ट्राटा म्हणतात. रात्री थर लावून भिजवायचं, सकाळी भाजायचं. माझी शाळा सकाळची, सात वाजून दहा मिनिटांनी प्रार्थना. पहाटे कांदा चिरायला मला वेळ नसतो.

यासाठी पहिल्यांदा एक साधी काचेची डिश घेतली होती. एका बुधवारी फ्रीजमधून काढून ती तशीच गरम ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) ठेवली आणि तडकन आवाज आला. सगळा नाश्ता काचांसकट टाकावा लागला, मुलगी डब्याशिवाय गेली. त्या सकाळची हळहळ अजून आहे. मग क्रॉफर्ड मार्केटजवळच्या दुकानात मुद्दाम खोक्यावर ‘बोरोसिलिकेट’ शब्द शोधूनच ही दुसरी घेतली. ही काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून तापमानातला फरक जास्त सोसते. तरी मी तिची परीक्षा पाहत नाही. सव्वापाचला फ्रीजमधून काढते, अर्धा तास कोरड्या फडक्यावर ठेवते, मगच ओटीजीत. आणि तापलेली डिश ओल्या ओट्यावर कधीच टेकवायची नाही.

डिश पावणेदोन लिटरची, झाकणाची. माझं प्रमाण : सहा पावांचे प्रत्येकी चार तुकडे, चार अंडी, अर्धा लिटर दूध, एक कांदा, एक सिमला मिरची, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, शंभर ग्रॅम किसलेलं चीज, मीठ, मिरपूड. कांदा-सिमला मिरची आधी परतून घ्यायची, नाहीतर पाणी सुटतं. डिशला लोणी लावून पाव, भाजी, चीज असे दोन थर, वरून अंडं-दुधाचं मिश्रण. सकाळी १८० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, पहिली वीस फॉइल लावून. मधोमध सुरी घातली की ओली निघता कामा नये.

या डिशचा सगळ्यात मोठा गुण मला वापरतानाच कळला. तळ दिसतो! अॅल्युमिनियमच्या भांड्यात खालचा पाव भिजला की कोरडाच राहिला ते कापेपर्यंत समजत नाही. इथे रात्रीच डिश उचलून खालून बघते, पांढरा कोरडा तुकडा दिसला की उलथन्याने दाबते. सकाळीही तळ सोनेरी झाला की नाही ते बाहेरूनच कळतं. भाजायला वेळ मात्र धातूच्या भांड्यापेक्षा थोडा जास्त लागतो. पण एकदा तापली की गरम राहते. नवरा अर्ध्या तासाने उठतो, त्यालाही गरमच मिळतं.

खटकलं ते झाकण. प्लॅस्टिकचं आहे, ओटीजीत चालत नाही, आणि त्याच्या रबरी कडेत लसणाचा वास बसतो. ती कड काढून बेकिंग सोड्याच्या पाण्यात ठेवावी लागते. शिवाय दोन्हीकडच्या कानांमुळे डिश लांब होते. आमच्या जुन्या लहान ओटीजीत ती आडवी बसलीच नसती, २८ लिटरच्यात आरामात बसते. घेण्याआधी ओटीजीचं आतलं माप टेपने घ्या, कानांसकट.

पावसाळ्यात एक काळजी. आपल्या दमट हवेत पाव मंगळवारपर्यंत टिकत नाही, म्हणून रविवारी रात्रीच तुकडे करून १०० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं सुकवते आणि घट्ट डब्यात भरते. बुरशी दिसली तर अख्खा पाव टाकायचा, तेवढाच भाग काढून नाही.

साडेसहाशे रुपयांना घेतली होती, आणि पुन्हा हीच घेईन. सासूबाई सुरुवातीला म्हणाल्या होत्या, “रात्रभर भिजवलेला पाव कोण खाणार गं?” आता बुधवारी सगळ्यांच्या आधी टेबलाशी येतात आणि कडेचा कुरकुरीत तुकडा स्वतः कापून घेतात.