बॉल पायथनचा मॉर्फ ठरवून घेताना: सहकारनगरमधील एका सेवेचा अनुभव

ठकी या आमच्या पाळीव बॉल पायथन सापाच्या पावतीवर दुकानदाराने ‘सुपर पेस्टल, ६६ टक्के हेट पाइड’ असे लिहून दिले होते आणि तेवढ्या एका ओळीसाठी साध्या बॉल पायथनपेक्षा ८,००० रुपये जास्त घेतले होते. पुढे दोन वर्षांत तिचा पिवळा रंग मळकट होत गेला, तेव्हा ही ओळ कितपत खरी आहे असा प्रश्न पडला. पुण्यातील सापवाल्यांमध्ये चौकशी केल्यावर सहकारनगरमधील एका गृहस्थांचा पत्ता मिळाला. ते रंग आणि नक्षी तपासून साप कोणत्या मॉर्फचा, म्हणजे रंग-नक्षीच्या कोणत्या आनुवंशिक प्रकारचा आहे याची लेखी चिठ्ठी देतात. त्यांचे नाव छापू नये अशी त्यांची अट असल्यामुळे येथे त्यांना काका म्हणतो. आम्ही सगळे त्यांना तसेच हाक मारतो.

फोनवर वेळ घेतानाच त्यांनी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरील नोंदणीचा कागद सोबत आणायला सांगितला. बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला साप असून वन्यजीवांच्या व्यापारावरील सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा विदेशी प्राण्याची नोंद करणे पाळणाऱ्यावर बंधनकारक आहे. कागद नसेल तर काका पिशवीची गाठही सोडत नाहीत. आपल्याकडचा अजगर घेऊन येणाऱ्याला तर ते दारातूनच परत पाठवतात, कारण तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असून त्याला पाळताच येत नाही.

माझी पहिली खेप वाया गेली. ठकीचे डोळे दुधाळ झालेले होते, म्हणजे ती कात टाकण्याच्या बेतात होती. अशा वेळी सगळा रंग राखेखाली गेल्यासारखा दिसतो, त्यावरून काही सांगणे म्हणजे धूळ बसलेल्या काचेतून पैठणीचा रंग ओळखण्यासारखे आहे, असे म्हणून त्यांनी पैसे न घेता दहा दिवसांनी यायला सांगितले. तीन आठवडे थांबून मिळालेली वेळ अशी गेल्यामुळे मी थोडा चिडलो होतो, हे मान्य करतो. ही गोष्ट त्यांनी फोनवरच विचारायला हवी होती.

दुसऱ्या खेपेला त्यांनी सापाकडे पाहण्याआधी एकच प्रश्न विचारला, “आईबाप पाहिले होते का तुम्ही?” दुकानातल्या अल्बममधील दोन्ही फोटो मी मोबाइलवर काढून ठेवले होते. नर स्वच्छ पेस्टल, म्हणजे उजळ पिवळ्या मॉर्फचा होता आणि मादी अगदी साधी, गर्द तपकिरी. काकांनी मोबाइल परत दिला आणि म्हणाले, “मग सुपर कशी होईल?” पेस्टल हा गुण एकेरी आला तरी दिसतो, आणि आई व बाप या दोघांकडूनही आला तर त्याचे सुपर रूप होते. मादीकडे तो गुणच नसेल, तर तिच्या पिल्लाला फार तर एक पेस्टल मिळतो. दोन वर्षे मी तो फोटो बाळगून होतो आणि हे माझ्या लक्षात आले नव्हते.

त्यानंतर तपासणी झाली. उत्तरेकडच्या खिडकीखाली टेबलावर पांढरा सुती टॉवेल अंथरून त्यावर ठकीला ठेवले. तिने लगेच डोके आत घेऊन वेटोळे केले, ज्या सवयीमुळे या सापाला ‘बॉल’ हे नाव पडले. काकांनी तिला अजिबात ओढले नाही, ती आपोआप उलगडेपर्यंत सात-आठ मिनिटे थांबले. खोलीतला एलईडी दिवा त्यांनी मुद्दाम बंद केला होता, कारण पिवळसर उजेडात प्रत्येक सापात पेस्टल दिसतो. व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून ते मत देत नाहीत, त्याचेही कारण हेच आहे. हल्लीचे मोबाइल स्वतःच रंग भडक करतात.

साध्या बॉल पायथनच्या कुशीवर काळ्या पार्श्वभूमीत सोनेरी-तपकिरी ठिपके असतात आणि त्या ठिपक्यांत दोन काळे डाग आले की परग्रहावरच्या माणसाचा चेहरा पाहिल्यासारखे वाटते; पाळणारे त्याला ‘एलियन हेड’ म्हणतात. ठकीचे हे चेहरे शाबूत होते, पण त्यांच्यामधल्या काळ्या पट्ट्यांच्या आत फिकट धुरकट छटा होती, डोक्याचा माथा मधोमध उजळ होता आणि डोळ्यांत हिरवट झाक होती. काकांनी पेन्सिलीचे टोक न टेकवता एकेक जागा दाखवली. ही पेस्टलची चिन्हे आहेत, आणि वयाबरोबर पेस्टलचा पिवळा रंग तपकिरीकडे झुकतो, त्यामुळे माझ्या मूळ शंकेचेही उत्तर मिळाले. रंग मळला म्हणून साप खोटा ठरत नाही. उलट ‘बनाना’ या मॉर्फचे आहे: त्याच्या अंगावर वय वाढेल तसे काळे बारीक ठिपके उमटत जातात आणि अनेक मालक त्याला आजार समजून घाबरतात.

‘हेट पाइड’वर मात्र सर्वांत जास्त वेळ गेला. पाइड म्हणजे अंगावर कोरे पांढरे पट्टे असलेला साप. हा गुण दोन्हीकडून आला तरच दिसतो, एकाच बाजूने आला तर साप साधाच दिसतो आणि त्याला हेट म्हणतात. आईबाप दोघेही हेट असतील तर सरासरी चारांत एक पिल्लू पाइड निघते, आणि उरलेल्या तीन साध्या पिल्लांपैकी दोन हेट असतात. ६६ टक्के हा आकडा तिथून येतो. म्हणजे तो शक्यतेचा आकडा आहे, सापाचा गुण नव्हे. शिवाय तो छापायचा तर आई आणि बाप दोघेही हेट असल्याचे दुकानदाराला माहीत असायला हवे, आणि आमच्या दुकानदाराला मादी कुठून आली हेही सांगता आले नव्हते. शेपटीजवळच्या पोटावर दोन समांतर रेघा दिसल्या तर हेट पाइड असल्याचे काही जण सांगतात. काकांनी ठकीचे पोट पाहिले, पुसटशा रेघा होत्याही, परंतु तशाच रेघा त्यांनी स्वतःच्या एका सापाच्या पोटावर दाखवल्या, ज्याच्या वंशात पाइड कधीच नव्हता. हे ठरवायचे तर प्रयोगशाळेत कातीची जनुकीय तपासणी करावी लागेल किंवा पाइड जोडीदारापासून पिल्ले घ्यावी लागतील. हेट मादीला अशा जोडीपासून सहाही पिल्ले साधी होण्याची शक्यता ६४ मध्ये १ असते; एक जरी पाइड निघाले तर प्रश्नच मिटला. त्या पिल्लांचीही नोंद करावी लागेल, आणि माझा तसा काही विचार नाही.

तपासणीनंतर त्यांनी आपला अल्बम उघडला आणि माझी अर्धी सायंकाळ तिथेच गेली. निळ्या डोळ्यांचा पांढराशुभ्र साप मोहावे, लेसर, बटर अशा मॉर्फपैकी कोणत्याही दोहोंच्या जोडीतून येऊ शकतो आणि बाहेरून त्यातला फरक बहुधा कळत नाही, दोन्ही बाजूंनी मोहावे असेल तरच डोक्यावर राखाडी छटा दिसते. स्पायडर हा मॉर्फ मात्र ते किमतीसाठी ओळखून देत नाहीत. ज्या जाळीदार नक्षीमुळे तो विकला जातो, तिच्याच बरोबर डोके डगमगण्याचा दोष येतो, आणि मालकाला ते आधी कळायला हवे असा त्यांचा आग्रह आहे.

चिठ्ठीत तीन रकाने आहेत: ‘दिसते’, ‘शक्य आहे’ आणि ‘डोळ्यांनी ठरत नाही’. ठकीच्या पहिल्या रकान्यात पेस्टल आहे, दुसऱ्यात यलो बेली हा आणखी एक मॉर्फ असावा असे आहे, कारण पोटाच्या कडेला चौकटीसारखी नक्षी आहे. तिसऱ्यात पाइड आहे. सुपर हा शब्द त्यांनी रेघ मारून खोडला आहे. अक्षर मात्र इतके बारीक आहे की घरी आईने भिंग मागवले. चिठ्ठी छापून द्यावी. १,२०० रुपये शुल्क मला जास्त वाटले नाही, परंतु जिना दोन मजल्यांचा असून लिफ्ट नाही आणि वेळ मिळायला तीन आठवडे लागतात, हे नव्या लोकांनी लक्षात घ्यावे. पिल्लू असतानाचा फोटो असेल तर जरूर न्यावा, त्याने काम अर्धे होते.

चिठ्ठी घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदाराने ती पूर्ण वाचली, परत दिली आणि पुढच्या वेळी गोठवलेल्या उंदरांवर दहा टक्के सवलत देऊ केली.