बॉल पायथन म्हणून डुरक्या घोणस गळ्यात मारली, 25,999 रुपये गेले आणि वर आरोपी मीच

लिहू की नको करत तीन आठवडे घालवले. ऑफिसात कोणाला सांगितलं नाहीये, सासरी तर अजिबातच नाही. पण परवा साप विकणाऱ्या त्या माणसाची जाहिरात नव्या नावाने पुन्हा दिसली, तोच फोटो, तोच निळा टब, म्हणून लिहितोय.

मुलगा बारा वर्षांचा, दोन वर्षं सापासाठी मागे लागलाय. मी काही उठलो आणि साप घेतला असं नाही हो, चार महिने वाचत होतो. कॉर्न स्नेक की बॉल पायथन यावर रात्री जागवल्यात. कॉर्न स्नेक चपळ, झाकणाला जरा फट राहिली की पसार, म्हणून बॉल पायथन ठरवला. चारेक फुटांपर्यंत वाढतो, घाबरला की डोकं आत घेऊन स्वतःचाच चेंडू करून बसतो, आठ-दहा दिवसांनी एक उंदीर दिला की झालं. वीस-पंचवीस वर्षं जगतो हे मात्र बायकोला सांगितलं नव्हतं. तो सायटिसच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, 2024 चे नियम आहेत, हे सगळं माहीत होतं मला. म्हणूनच तर "कागदासकट" लिहिलेली जाहिरात बघून भुललो. आणि बोलायला मराठी, गोड, दर वाक्याला सर.

टोकन 5,000. मग बाकीचे 13,000. मग "नाव ट्रान्सफर" 2,500. मग बॉक्स आणि गाडीभाडं 1,499. व्हिडीओ कॉल मागितला की "सर फार्मवर रेंज नाही". तुम्ही म्हणाल इथेच कळायला हवं होतं. इथे नाही. कळायला हवं होतं ते दुसरीकडेच, आणि ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

13,000 पाठवायच्या आधी मी फोनवर विचारलं, आल्यावर खायला कधी द्यायचं? तर म्हणतो, "दोन दिवस काही देऊ नका सर, मग वाटीत थोडं दूध ठेवा, सेटल होतो."

दूध. सापाला. दरवर्षी नागपंचमीला "साप दूध पीत नाही" असं स्टेटस ठेवणारा माणूस मी, सोसायटीच्या ग्रुपवर यावरून एका काकूंशी भांडलेला, आणि मी काय म्हणालो? "बरं." मनात म्हटलं गंमत करत असेल, फोन गड्याने उचलला असेल. खरं सांगायचं तर 6,800 चा टँक आणि 2,350 ची हीट मॅट-थर्मोस्टॅट घरात येऊन पडले होते, पोराने टँकवर सापाचं नावसुद्धा चिकटवलं होतं, आणि मला ते दूध ऐकायचंच नव्हतं. दहा मिनिटांत पैसे पाठवले. यूपीआयवर नाव आलं कुठल्यातरी चपलांच्या दुकानाचं, तेही चाललं मला.

पहाटे साडेपाचला कात्रजला ट्रॅव्हल्सच्या डिकीतून बॉक्स घेतला. शाळेत असताना ज्या कात्रजच्या सर्पोद्यानात तासन् तास काचेला नाक लावून उभा असायचो, त्याच कात्रजला. घरी उघडलं तर पिशवीत फूट-दीड फुटाचं तपकिरी चट्ट्यांचं काहीतरी. चट्टे बघून पहिल्यांदा पायथनच वाटलं. पण शेपूट आखूड, तिकडचे खवले हाताला खरखरीत, आणि डोकं कुठे संपतं, मान कुठे सुरू होते ते कळेना. बॉल पायथनचं अंग गुळगुळीत असतं, डोकं मानेपासून वेगळं दिसतं. हे मी वाचलेलं होतं!! तेवढ्यात बोटाला चावला. एका सर्पमित्राला फोटो पाठवला, त्याचा लगेच फोन, "दादा, ही डुरक्या घोणस आहे, शेतातून उचललेली दिसतेय." स्पीकर चालू होता. घोणस हा शब्द आणि माझ्या बोटाचं रक्त एकदमच बायकोच्या लक्षात आलं. डुरक्या बिनविषारी असते हे तिला पटेपर्यंत शेजारचे दारात.

मी त्या माणसाला पैसे परत दे म्हणून फोन केला तर आवाजच बदललेला. "सर, तुमच्या घरात इंडियन स्नेक आहे. 1972 चा वन्यजीव कायदा माहितेय ना? मी फोन करू का तुम्ही करताय?" 10,000 मागितले. मी 4,000 दिले. हो, दिले, सगळं कळल्यावर दिले, बोला काय बोलायचं ते. साप घरात, पोरगा रडतोय, बायको माहेरी निघालेली, अशात डोकं चालतं का कोणाचं.

कळलं ना डाव? चुकून दुसरा साप पाठवला नव्हता त्याने, तक्रार करणाराच अडकेल असाच पाठवला होता.

साप सर्पमित्रामार्फत वन खात्याकडे दिला. तिथे पहिला प्रश्न, तुमच्याकडे आलाच कसा? अडीच तास जबाब. विकणाऱ्याचा नंबर मी तीन वेळा पुढे सरकवला, कागदावर उतरला एकदाही नाही, "ते पोलिसांचं काम". पोलीस चौकीत गेलो तर हवालदार हसून म्हणतो साप कशाला, कुत्रा पाळायचा ना, आणि सायबरचे साहेब बंदोबस्ताला गेलेत, सोमवारी या. सोमवारी म्हणे बॉक्स कात्रजला घेतला ना, मग हद्द आमची नाही. तिकडे गेलो तर म्हणे तुम्ही राहता कुठे? बँकेतली बाई, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना सर, ओटीपी तर कोणी चोरला नाही." 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मी सहाव्या दिवशी फोन केला, तोवर खातं रिकामं. पैसे गेल्याच्या पहिल्या तासात करा तो फोन, लाज नंतर वाटून घ्या. आणि चुकीचा साप आलाच तर हात न लावता 1926, वन खात्याची हेल्पलाइन, तीही लगेच. मी जे चार तास घाबरून घालवले त्यातच ते 4,000 गेले.

तो "कागद" परवा नीट वाचला. पीडीएफवर शिक्का वगैरे सगळं आहे, शास्त्रीय नाव मात्र आफ्रिकन ग्रे पोपटाचं. कागदावरचं नाव गुगल करायला अर्धा मिनिट लागतो.

टँक अजून हॉलमध्ये आहे. कोणाला हवा असेल तर थर्मोस्टॅटसकट 4,000 ला देतो. घरी येऊन बघा आणि रोख द्या, टोकन नको.