काटा लालपर्यंत, इंजिन मात्र शांत: थर्मामीटर गनचा अनुभव

बाबांची गाडी चाळिशी ओलांडून गेली आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे. म्हणून एका चढावर टेम्परेचरचा काटा लाल पट्टीला टेकला तेव्हा मी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं तर वाफ नाही, कूलंटचा वास नाही, कुठे गळतीही नाही. गॅरेजमध्ये दाखवल्यावर उत्तर आलं, "हेडगॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलंय, इंजिन खोलावं लागेल." कोणीही काहीही मोजलं नव्हतं. काट्यावर विश्वास ठेवून इंजिन खोलायला माझं मन तयार होईना, म्हणून मी लांबूनच तापमान सांगणारी इन्फ्रारेड थर्मामीटर गन घेतली. अगदी साधी, एक बटण आणि लाल ठिपका असलेली.

पहिल्याच दिवशी तिने मला गोंधळात टाकलं. काटा लालजवळ असताना थर्मोस्टॅटच्या, म्हणजे तापलेलं पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या, ॲल्युमिनियमच्या घरावर (बाहेरच्या आवरणावर) नेम धरला, तर आकडा ४९. त्याला जोडलेल्या वरच्या रबरी होजवर मात्र ७८. एकच पाणी दोन्हीकडून वाहतंय, मग एवढा फरक कसा? कारण चमकदार धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. साध्या गनमध्ये ०.९५ हे उत्सर्जकतेचं (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचं) प्रमाण पक्कं बसवलेलं असतं. ते रबर, रंग, काळ्या टेपला चालतं, उघड्या ॲल्युमिनियमला नाही. इंजिन गार झाल्यावर त्या घरावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा नीट दाबून चिकटवला आणि पुन्हा गाडी तापवली. आता आकडा ८६ आला आणि तिथेच राहिला. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतात, म्हणजे इंजिन आपल्या जागी होतं. रबर जाड असल्याने होजचा आकडा थोडा कमीच येणार, हेही तेव्हा पटलं.

हे सगळं करण्याआधी मी गार इंजिनमध्ये कूलंटची पातळी बघून घेतली होती, आणि हे प्रत्येकाने करावं. पाणी कमी असेल तर त्या घरात नुसती हवा राहते, मग इंजिन आतून भाजत असलं तरी बाहेर आकडा कमी दिसू शकतो. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडू नका. पंख्यापासून हात आणि बाही लांब ठेवा.

म्हणजे खोटं बोलत होता तो काटा. पुढचं काम गनचं नव्हतं, मल्टिमीटरचं होतं. सेंडरची, म्हणजे काट्याला तापमान कळवणाऱ्या इंजिनवरच्या सेन्सरची, वायर काढली, काटा थंडवर आला, म्हणजे वायर वाटेत कुठे बॉडीला लागलेली नव्हती. सेंडर काढून पाण्यात तापवला, तर पाणी गरम होत गेलं तसा त्याचा रेझिस्टन्स एकसारखा उतरत गेला. तोही ठीक. मग आठवलं की गेले काही दिवस पेट्रोलचा काटाही टाकी भरल्यावर फुलच्या पलीकडे जात होता. दोन्ही काटे एकाच वेळी जास्त दाखवत असतील तर दोघांना मिळून जे मिळतं तिकडे बघायचं. अशा जुन्या गाड्यांत डॅशबोर्डमागे व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. तो बॅटरीचा पुरवठा चालू-बंद करत काट्यांना सरासरी १० व्होल्ट देतो. त्याची अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीशी असलेली जोडणी, सुटली की चालू-बंद थांबतं आणि काट्यांना पूर्ण बॅटरी मिळते. माझ्याकडे मीटरवर १२ च्या वरचा आकडा हलतच नव्हता. स्टॅबिलायझर ज्या स्क्रूने बॉडीला बसवला होता (तीच त्याची अर्थिंग) तो काढला, तर खाली तपकिरी गंजाचा गोल. पॉलिश पेपरने घासून चकाकी आणली, स्क्रू परत आवळला, आणि मीटरवरचा आकडा उड्या मारू लागला. इतका आनंद मला गाडीने खूप दिवसांत दिला नव्हता. टेपवर ८६, काटा बरोबर मध्ये.

गनबद्दल दोन तक्रारी आहेत. लाल ठिपका भिंगाच्या वर असल्याने अगदी जवळून नेम चुकतो. आणि १२:१ चा अर्थ डब्यावर कोणी समजावून सांगत नाही: १२ सेंटीमीटरवरून ती १ सेंटीमीटरचं वर्तुळ बघते, हातभर लांबून धरलीत तर होज, पंखा, रेडिएटर सगळ्यांची सरासरी देते. काचेतून तर ती आरपार बघूच शकत नाही.

तरीही जुनी गाडी असेल तर ही गन आणि काळ्या टेपची एक गुंडाळी नक्की घ्या. हेडगॅस्केट ती तपासू शकत नाही, पण ते खोलायची वेळ खरंच आली आहे का, एवढं ती दहा मिनिटांत सांगते. माझ्या थर्मोस्टॅटच्या घरावरचा टेपचा तुकडा मी काढलेला नाही.